पागोळी कोठें पडते?

आमचें मूळ घर दापोली तालुक्यांत, समुद्रापासून अर्ध्या कोसावर आहे. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आदळलें, त्या दिवशीं त्या घरांत माझ्या थोरल्या वहिनी एकट्याच होत्या. त्यांचें वय तेव्हां एक्क्याऐंशी वर्षांचें. वाऱ्याचें लक्षण पालटलें असें दिसतांच त्यांनीं शेगडी बंद केली, देवांवर परात उपडी घातली, आणि देवघराच्या कोपऱ्यांत पाट टाकून त्या बसून राहिल्या. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा तो वारा. त्यांत कौलें पत्रावळींसारखीं उडत होतीं. परसांतला फणस उन्मळून स्वयंपाकघरावर पडला, तो पडल्याचा आवाजही त्यांना आला नाहीं. वारा उतरल्यावर दार उघडून पाहतात तों ओट्यावर ओलीं हिरवीं पानें आणि वर आभाळ! शेजारच्या मंडळींनीं त्यांना हातीं धरून आपल्या घरीं नेलें, आणि प्रवासाची परवानगी मिळतांच माझ्या मधल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं त्यांना डोंबिवलीस तिसऱ्या मजल्यावरील आपल्या बिऱ्हाडीं आणलें.

वहिनींना मूलबाळ नाहीं. म्हणून आम्हां तिघां दिरांचीं मुलें तीं सारीं त्यांचींच. थोरले बंधु गेल्यावर बारा वर्षें त्यांनीं तें घर एकट्यानें राखलें. गणपतींत आणि मे महिन्यांत आम्हां सर्वांचीं मिळून तीस-चाळीस पानें त्यांच्या हातचीं उठत. अशा बाईला तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी गजांच्या आड, कुंडीतली तुळस पाहत बसलेली पाहून आम्हां कोणालाच चैन पडेना. घराची दुरुस्ती करावयाची हें त्यांतून ठरलें. ती होतांना मीं जें पाहिलें आणि जें माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलें नाहीं, तें येथें सांगतों. जुनें घर ठेवावें कीं पाडावें हा वाद ज्या कुटुंबांत चालूं असेल, त्यांना त्याचा कांहीं उपयोग होईल.

प्रथम घराविषयीं थोडेंसें. पणजोबांनीं बांधलेलें तें जांभ्याच्या चिऱ्यांचें घर. पुढें ओटी, मग माजघर, मागें स्वयंपाकघर व न्हाणी, उत्तरेस पडवी, पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या अंगाला, देवघर आणि त्याला लागून बाळंतिणीची खोली. आम्ही चौघेही भाऊ त्या खोलींत जन्मलों, आणि पुढें तीच वहिनींची निजण्याची खोली झाली. छपरावर पूर्वीं कुंभाराचीं नळीचीं कौलें होतीं. वडिलांनीं तीं काढून मंगळुरी घातलीं. वादळानें फुटलेल्या एका कौलाच्या पाठीवर १८६५ हा आंकडा पाहून माझ्या पुतण्यानें घर दीडशें वर्षांचें असल्याचें जाहीर केलें व लगेच चुलत भावंडांस तसें कळविलेंही. वस्तुतः १८६५ हें बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला तें वर्ष. तो छाप पुढें कित्येक वर्षें कौलांवर उमटत राहिला. आमचें घर त्याहून लहान आहे. परंतु तेवढ्या आंकड्यामुळें मुलांच्या मनांत घराविषयीं आदर उत्पन्न झाला हें खरें, म्हणून मीं तो वाद फारसा वाढविला नाहीं.

दिवाळीला पुण्यास माझ्या घरीं सर्व मंडळी जमली. धाकट्या बंधूंचें म्हणणें, पाडा आणि सिमेंट-काँक्रीटचें नवें बांधा. वादळें आतां दरवर्षीं यावयाचीं, कौलें किती वेळां शाकारणार? पुतण्यानें कागदावर हिशेब मांडला. त्याच्या मतें दुरुस्तीला नऊ लाख रुपये पुरेत. नवें बांधावयाचें तर त्याच्या तिप्पट. मधले बंधु नेहमींप्रमाणें दोन्ही बाजूंनीं बोलले. बायकांना कोणीं विचारलें नाहीं, आणि वहिनींना तर नाहींच, कारण त्या आंत अनरसे तळीत होत्या! शेवटीं त्या पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “कसें बांधायचें तें तुम्ही ठरवा. मला परत जायचें आहे, एवढें लक्षांत असूं द्या.” दुरुस्ती करावयाची, आणि पुढल्या अक्षय्य तृतीयेस वहिनींचा गृहप्रवेश करावयाचा, असें ठरलें. देखरेखीचें काम माझ्या गळ्यांत पडलें. शाळेंतून निवृत्त झालेल्या माणसास कांहीं उद्योग नसतो अशी सर्वांची समजूत असते.

घर पाहावें बांधून असें म्हणतात. दुरुस्त करून पाहावें असें म्हणणाऱ्यानें म्हटलें नाहीं, कारण बहुधा तो त्या वाटेस गेला नसावा. नव्या घराची जागा मोकळी असते; जुन्या घरांत एक खिळा उपटला कीं चार नवीं कामें निघतात.

मी मात्र मोठ्या विश्वासानें निघालों होतों. चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेलें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वास्तुविद्येचा अध्याय पूर्वीं वाचलेला होता, तो पुन्हां काढून वाचला. त्याच ग्रंथांत वज्रलेपाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, वेखंड इत्यादि जिन्नस पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा, त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बे घालावे, आणि तो लेप देवळांच्या व वाड्यांच्या भिंतींना तापवून लावावा. तो कोटि वर्षें टिकतो असें आचार्य सांगतात. आमच्या मक्तेदारांना मीं हें मोठ्या उत्साहानें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मास्तर, वॉटरप्रूफिंग कोणत्या कंपनीचें घ्यायचें?” असो.

हे मक्तेदार तालुक्याच्या गांवचे, बोलण्यांत गोड आणि कामांत जलद. त्यांचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. पुढें जें झालें त्यांत निम्मा दोष माझा होता. जानेवारी २०२१ पासून मी महिन्यांतून दोनदां पुण्याहून ताम्हिणी घाटानें गांवीं जात असें, शेजारीं उतरत असें, आणि दिवसभर कामावर बसत असें. हातीं एक रोजनिशी ठेवली होती. आज किती चिरे आले, किती वासे उतरले, किती मजूर आले व कितींनीं काम केलें, हें सर्व तारीखवार लिहिलें. ती वही आजही माझ्यापुढें आहे. तिच्यांत एकही दिवस सुटलेला नाहीं.

लांकडाचें काम चांगलें झालें हें कबूल केलें पाहिजे, आणि त्यांत मीही कांहीं शिकलों. जुनें लांकूड पाहावयाचें तें डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं. सुतार हातोडीची दांडी वाशावर वाजवीत जाई. निकोप लांकूड खणखणीत बोलतें, वाळवीनें पोखरलेलें भद्द वाजतें. माजघराची सागवानी तुळई वरून काळीठिक्कर, परंतु आवाज असा कीं जणूं काल बसविली. उलट स्वयंपाकघरावरील आढें वरून गुळगुळीत; त्यांत टोच्या घातला तों मुठीपर्यंत आंत गेला. साग आणि फणस टिकले, पुढें कोणी काटकसरीनें घातलेलें आंब्याचें लांकूड गेलें. नव्या वाशांना काजूच्या सालीचें तेल दोन हात दिलें, आणि भिंतींत जाणारीं टोकें त्या तेलांत रात्रभर बुडवून ठेविलीं. आमच्याकडे होड्यांना हेंच तेल लावतात. साडेतीन हजार कौलांपैकीं सोळाशें फुटलीं होतीं. जुन्या मापाचीं तितकीं मिळेनात, म्हणून उरलेलीं सर्व जुनीं पुढच्या पाख्यावर आणि नवीं मागच्या पाख्यावर अशी वांटणी केली. पुढून घर पूर्वीसारखेंच दिसलें पाहिजे हा माझा हट्ट होता.

याच सुमारास, ता. २३ मार्चच्या पानावर, माझ्याच अक्षरांत पुढील नोंद आहे : वाशांचीं कुजकीं टोकें पश्चिमेच्या अंगाला सरसकट कापून काढलीं, छपराची रेषा सरळ आली, दिसावयास सुबक. ही नोंद वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

आतां भिंतींविषयीं. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणींतून निघतो तेव्हां मऊ असतो, कुऱ्हाडीनें तासतां येतो. हवा लागली म्हणजे कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत, मलबारांतील असाच दगड पाहून, त्याला ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘लॅटर’ म्हणजे वीट. असा दगड पाणी पितो. आमच्या तालुक्यांत वर्षाला सुमारें साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. तेव्हां पावसाळ्यांत भिंतींनीं पाणी पिणें हा त्यांचा दोष नव्हे, धर्मच आहे. पुढें आठ महिने त्या तें उन्हावाऱ्याला परत देतात. जुन्या लोकांनीं त्यांवर चुन्याचा गिलावा केला तो याच कारणानें. चुना मऊ असतो, थोडासा ताणतो, आणि त्यांतून वाफ बाहेर जाऊं शकते.

सिमेंटची गोष्ट निराळी. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटची सनद घेतली, आणि आपल्याकडे १९१४ च्या सुमारास पोरबंदरास त्याचा कारखाना चालूं झाला. पूल, धरणें, उंच इमारती यांना त्यावांचून गति नाहीं. परंतु मऊ, पाणी पिणाऱ्या भिंतीवर त्याचा कठीण लेप दिला म्हणजे आंतलें पाणी आंतच कोंडतें. मग तें खोलीच्या बाजूनें वाट काढतें, येतांना क्षार घेऊन येतें, आणि रंगाचे पोपडे सुटूं लागतात. हें सर्व मी आज लिहितों आहें. त्या वेळीं मला त्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. मक्तेदार म्हणाले, चुन्याला तीन महिने लागतील, सिमेंटला आठ दिवस. अक्षय्य तृतीया तर १४ मे रोजीं आलेली. पश्चिमेची भिंत सर्वांत जीर्ण, म्हणून तिच्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्यास मीं रुकार दिला. तीन दिवसांत भिंत आरशासारखी झाली. मी त्या भिंतीचें छायाचित्र काढून डोंबिवलीस पाठविलें. वहिनींचें उत्तर आलें, “छान दिसते.” पुढें आणखी एक ओळ होती : “जरा लांबून काढून पाठवा.” मीं तें मनावर घेतलें नाहीं.

एप्रिलच्या मध्यास करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळें पुन्हां निर्बंध आले, मजूर आपापल्या गांवीं गेले, आणि काम बंद पडलें. अक्षय्य तृतीया हुकली. दोनच दिवसांनीं, १६ मे रोजीं, ‘तौक्ते’ नांवाचें दुसरें वादळ किनाऱ्याकिनाऱ्यानें वर गेलें. कौलें टिकलीं, आम्ही नारळ फोडला. पुढें पावसाळा लागला. शेजारच्या मुलाकडे किल्ली होती. तो आठवड्यांतून एकदां घर उघडून मोबाईलवर छायाचित्रें पाठवी. जुलैच्या पहिल्या आठवड्यांत बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एक करडा पट्टा दिसूं लागला. पुढल्या आठवड्यांत तो कमरेस आला. ता. २२ जुलैला चिपळूण आणि महाड येथें तो मोठा पूर आला, वाटा बंद झाल्या, आणि मला पुण्यास बसून त्या पट्ट्याची वाढ पाहण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. शेवटच्या छायाचित्रांत भिंतीला बुरशीचे केस आले होते. ज्या खोलींत वहिनींना निजावयाचें, तीच ही खोली.

मीं मक्तेदारांना फोन केला. ते म्हणाले, जमिनींतून ओल चढते. आंतूनही सिमेंट करूं आणि वर रसायन मारूं. धाकट्या बंधूंनीं सांगितलें, “मीं दिवाळींतच म्हटलें होतें.” पुतण्यानें इंटरनेटवरून ओलीविषयीं माहिती काढून पाठविली, ती इतकी होती कीं वाचतां वाचतां मलाच घाम फुटला. वहिनींना कोणीं कांहीं सांगूं नये असें आम्हीं ठरविलें होतें; परंतु एकत्र कुटुंबांत असले ठराव कितपत टिकतात हें वाचकांस ठाऊकच आहे. श्रावणांतल्या एका सोमवारीं सकाळीं त्यांचाच फोन आला.

“भाऊजी, माझ्या खोलीची भिंत भिजली म्हणतात.”

मीं कबूल केलें. जमिनींतून ओल चढते, असें मक्तेदारांचें मत त्यांना सांगितलें.

“साठ वर्षें मी त्या खोलींत निजलें. जमिनींतून तेथें कधीं ओल आली नाहीं. पागोळी कोठें पडते?”

“पागोळी खालींच पडते, वहिनी,” मी म्हणालों. मास्तरकीची संवय वाईट.

“खालीं पडते हें मलाही कळतें. दगडांवर पडते, कीं भिंतीशीं पडते?”

मला उत्तर देतां येईना. त्यांनींच मग समजावून सांगितलें. पश्चिमेच्या वळचणीखालीं, भिंतीपासून दोन हातांवर, काळ्या दगडांची एक ओळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या पागोळ्या पडून त्या दगडांना वाट्या पडल्या आहेत. लहानपणीं आम्ही त्यांत चिंचोके ठेवून खेळत होतों. पाणी त्या ओळींतून दगडी पन्हळीस जातें आणि तेथून माडांच्या आळ्यांत. भिंतीला तें शिवत नाहीं. “सासूबाई मला पहिल्या पावसांत तेथें घेऊन गेल्या होत्या,” वहिनी म्हणाल्या. “पाणी वाट्यांतच पडतें ना, हें दर मृगाला पाहायचें, चुकलें तर कौल सरकलें असें समजायचें. तुम्ही फोटो इतक्या जवळून काढतां कीं खालचे दगड दिसतच नाहींत.”

मीं रोजनिशी काढली. ता. २३ मार्चचें पान उघडलें. वाशांचीं टोकें ‘सरसकट कापून’ छपराची रेषा सरळ केल्याची ती माझी नोंद. कुजलेल्या टोकांना नवा जोड देण्यास लांकूड लागतें, मजुरी लागते; कापून टाकण्यास करवत पुरते. दीड फूट वळचण अशी गेली होती. मी तेथें समोर खुर्ची टाकून बसलों होतों, आणि सुबक म्हणून लिहून ठेवीत होतों!

वाट खुली होतांच ऑगस्टमध्यें गेलों. पाऊस कोसळत होता. छत्री घेऊन पश्चिमेच्या अंगाला उभा राहिलों. पागोळ्या दगडांच्या अलीकडे, भिंतीच्या पायथ्याशीं, पडत होत्या. तेथें एक लांबट खड्डा झाला होता, आणि त्यांतून उडणारें पाणी सिमेंटच्या त्या आरशावर गुडघाभर उंच चढत होतें. सिमेंटला बारीक चिरा गेल्या होत्या. त्यांतून पाणी आंत जात होतें, आणि आंत गेलेलें बाहेर येण्यास वाट नव्हती. काळे दगड एका बाजूस धुतल्यासारखे कोरडे निवांत, म्हणजे पाऊस अंगावर घेत पण पागोळीवांचून, पडले होते. त्यांतल्या वाट्या मीं मोजल्या. एकोणचाळीस भरल्या.

पुढचें काम शेजारच्या वाडीतल्या एका वृद्ध गवंड्यांच्या हातीं दिलें. ते ऐंशीच्या घरांतले. स्वतः परातीला हात लावीत नाहींत, नातवाकडून करवून घेतात आणि बसल्या जागेवरून शिव्या देतात. त्यांनीं भिंतीवर तळवा ठेवला, वर वळचणीकडे पाहिलें, आणि एकच वाक्य बोलले : “आढ्याचं पाणी वळचणीला जातं हो मास्तर, पण आधीं वळचण पाहिजे ना!”

दसरा झाल्यावर प्रत्येक वाशाच्या कुशीला पांच फुटांचा सागवानी तुकडा बोल्टांनीं आवळून वळचण पूर्ववत्‌ दोन हात पुढें काढली. सिमेंटचा गिलावा छिन्नीनें उतरविला. तो निघतांना जांभ्याचे कपचे घेऊन निघे, तो आवाज माझ्या काळजांत जाई. मग भिंत तशीच उघडी ठेवली. गवंडीबाबा म्हणाले, “तिला ऑक्टोबरचं ऊन पिऊं दे.” दोन महिने तिला कोणीं हात लावला नाहीं. धाकटे बंधु दर रविवारीं फोनवर विचारीत, “आज काय झालें?” आणि मी सांगे, “भिंत वाळत आहे.” देखरेखीच्या कामांतला हा सर्वांत कठीण भाग. कांहींच न करतां पैसे न खर्चितां नुसतें थांबणें, हें कोणाला पटवून देतां येत नाहीं.

तिकडे अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा खणून कळीचा चुना विरत घातला होता. चुनखडी किंवा शिंपले भट्टींत भाजले म्हणजे त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळी उरते. ती पाण्यांत टाकली कीं उसळून फुटते, आणि लोण्यासारखा चुना खालीं बसतो. तो जितके दिवस पाण्याखालीं राहील तितका चांगला. भिंतीवर चढल्यावर हवेंतून तोच वायु तो हळूहळू परत घेतो आणि पुन्हां दगड होतो. यास घाई चालत नाहीं. एक थर बोटाच्या पेराहून जाड देऊं नये, आणि तो बसल्याखेरीज दुसरा चढवूं नये. पूर्वीं चुना बैलाच्या घाणींत मळीत. ती घाणी आतां कोठें राहिली? आम्हीं परातींत पायांनीं तुडविला. एक भाग चुना, दोन भाग नदीची चाळलेली वाळू, थोडी विटांची सुरकी, वर हिरड्याचें व गुळाचें पाणी. समुद्राची वाळू घेऊं नये, तिच्यांतलें मीठ भिंतींत जातें. वेरूळच्या लेण्यांतील जुन्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु सांपडले आहेत असें मीं गवंडीबाबांना सांगितलें, तेव्हां नातवाचे डोळे चमकले; आजोबांनीं तागावरच भागविलें.

वहिनींनीं त्या पागोळीविषयीं विचारलें तेव्हांपासून मीं एक नियम केला. रोज संध्याकाळीं त्यांना फोन करून त्या दिवसाचें काम सांगावयाचें, आणि त्या काय विचारतात तें रोजनिशींत डाव्या पानावर लिहावयाचें. उजवें पान माझें. पहिल्या महिन्यांतच डावें पान भरून गेलें. न्हाणीचा उंबरा किती उंच ठेवला? चार बोटें कमी करा, रात्रीं पाय अडखळतो. मागच्या दाराची कडी आंतून डाव्या हाताला आहे ना? उजव्या हातांत कंदील असतो. आतां विजेरी असली तरी हात तोच. माजघरांत फरशी घालतां? घाला, पण देवघरापुढें शेणानें सारवलेली जमीन राहूं द्या, तेथें बसलें कीं गुडघे दुखत नाहींत. झोपाळ्याचीं कडीं जुन्याच तुळईला लावा, नवीला लावूं नका. त्यांतल्या एकाही गोष्टीचा उल्लेख पुतण्याच्या नकाशांत नव्हता आणि माझ्या बृहत्संहितेंतही नव्हता. दिवाळींत आम्हीं चौघांनीं चार तास घराविषयीं वाद घातला, तेव्हां या बाई पंधरा पावलांवर अनरसे तळीत होत्या.

खर्चाचें म्हणाल तर नऊ लाखांचे तेरा लाख चाळीस हजार झाले. त्यांतले एक लाख साठ हजार निव्वळ सिमेंट चढविण्याचे, उतरविण्याचे आणि वळचण कापून पुन्हां जोडण्याचे. ही रक्कम मीं माझ्या निवृत्तीच्या पैशांतून घालावयाचें ठरविलें, कारण रुकार माझा होता. धाकट्या बंधूंना हें कळतांच त्यांनीं निम्मे पैसे मला न विचारतां बँकेंत भरले. वर फोन करून म्हणाले, “पाडायला पाहिजे होतें हें माझें मत कायम आहे.” त्यावर मी काय बोलणार?

मार्च २०२२ मध्यें शेवटचा हात झाला. भिंत पांढरीशुभ्र नव्हती. ताकाच्या रंगाची होती, आणि तळवा ठेवला तर गार लागे. दोन दारें अजून घट्ट बसतात, मागच्या पाख्याचीं नवीं कौलें जुन्यांपुढें परकीं दिसतात, आणि विजेच्या तारा भिंतीवरून ज्या नळीतून नेल्या आहेत त्यांकडे मी पाहत नाहीं. वास्तुशांत वैशाखांत, अक्षय्य तृतीयेच्या दिवशीं, म्हणजे ३ मे रोजीं केली. ठरल्यापेक्षां एक वर्ष उशिरा.

वहिनी आदल्या दिवशीं संध्याकाळीं पोंचल्या. गाडींतून उतरल्या त्या ओटीकडे न जातां काठी टेकीत पश्चिमेच्या अंगाला गेल्या. पुढें माझी बायको तांब्या-भाकरतुकडा घेऊन उभी. सगळ्यांनाच थांबावें लागलें. त्यांनीं वर वळचण पाहिली, खालीं दगडांची ओळ पाहिली, भिंतीला हात लावला. मी परीक्षेस बसलेल्या मुलासारखा बाजूस उभा होतों.

“छान झालें आहे ना?” मला राहवलें नाहीं.

“पाऊस पडल्याशिवाय काय सांगायचें?” असें म्हणून त्या वळल्या, आणि उंबऱ्याशीं येऊन पायांवर पाणी घेतलें.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत आला. रात्रीं दोनच्या सुमारास माझ्या खोलीच्या दारावर थाप पडली. वहिनी विजेरी घेऊन उभ्या. आम्ही दोघे पडवीच्या टोकाशीं गेलों, आणि त्यांनीं उजेडाचा झोत दगडांवर टाकला. पाणी वाट्यांत पडत होतें. एकेका वाटीवरून त्यांनीं झोत हळूहळू पुढें नेला. उत्तरेच्या कोपऱ्याशीं येऊन तो थांबला. तेथें शेवटच्या दोन पागोळ्या दगडापासून चार बोटें अलीकडे पडत होत्या.

“तेवढें उद्यां गवंड्यांना सांगा,” त्या म्हणाल्या, आणि निजावयास गेल्या.